पीआरपी की जुनी सुई?

शिश्नाला ताठरता येत नसेल आणि गोळ्यांनीही हात टेकले की डॉक्टर सहसा दोन सुयांचं नाव काढतात. एक जुनी, पापाव्हरीन किंवा अल्प्रोस्टॅडिलची. दुसरी नवी, पीआरपीची, म्हणजे आपल्याच रक्तातल्या प्लेटलेटची. मला 14 वर्षांचा डायबेटिस आहे आणि दोन्ही घेऊन झाल्यात, म्हणून लिहितोय. (लांबी-जाडीसाठी विचारत असाल तर दोन्हींच्या नादी लागू नका, जाहिराती काहीही म्हणोत.)

पीआरपी ऐकायला फार गोड वाटते. दंडातून रक्त काढायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं, प्लेटलेटचा दाट भाग तेवढा शिश्नात टोचायचा. त्यातले घटक नव्या रक्तवाहिन्या आणतील, थकलेल्या नसा सावरतील, असा हिशेब. म्हणजे इलाज मुळावर, आणि तोही आपल्याच रक्ताने. मी भुललो तो इथेच.

जुनी सुई त्या रात्रीपुरतीच. तिथला स्नायू सैल पडतो, धमन्या उघडतात, रक्त भरतं आणि शिरा दाबल्या गेल्यामुळे आतच अडकून राहतं. गोळीला मज्जातंतूंचा निरोप लागतो. डायबेटिसने तारच तोडली असेल तर गोळी काय करणार? सुईला त्या तारेची गरज नाही. 1983 मध्ये लास वेगासच्या यूरॉलॉजी परिषदेत जाइल्स ब्रिंडली हे ब्रिटिश शास्त्रज्ञ खोलीवर स्वतःला इंजेक्शन टोचूनच व्याख्यानाला आले आणि सगळ्यांसमोर पँट उतरवून पुरावा दाखवला. शास्त्राला एवढा रोकडा पुरावा क्वचितच मिळतो.

पीआरपीत मला नडलं ते दुखणं नव्हे, पैसेही नव्हेत. ती कधी 'नाही' म्हणतच नाही, हे नडलं. पहिल्या वेळेनंतर महिनाभर काही नाही, तर म्हणे, "तीन महिने द्या काका." दुसरीनंतरही तेच, तर माझी शुगर वाढलेली. मग कळलं की पॅकेज मुळात सहाचं घ्यायला हवं होतं. एकदा मी विचारलं, आज नळीत प्लेटलेट किती आलेत? क्लिनिकमधल्या पोराने नळी ट्यूबलाइटसमोर धरली आणि म्हणाला, "छान पिवळं आलंय." तिथे माझं मन उठलं.

माझ्या एकट्यावरून निकाल लावू नये, हे खरं. ग्रीसमधल्या 60 जणांच्या चाचणीत (2021) खोट्या इंजेक्शनपेक्षा पीआरपी सरस ठरली होती. मायामीतल्या 61 जणांच्या चाचणीत (2023) मात्र दोघांत फरक दिसला नाही. अमेरिकन यूरॉलॉजिकल असोसिएशनने 2018 च्या मार्गदर्शनात तिला प्रायोगिकच म्हटलंय. त्रास सौम्य असेल, धीर असेल, तर घ्या बापडे. पण प्रयोगाचे पैसे आपणच भरायचे, हे मला काही पटलं नाही.

जुनीची कटकट वेगळी. अल्प्रोस्टॅडिल नवजात बाळांच्या हृदयविकारातही वापरतात. मी चिठ्ठी दिली तर केमिस्टने हळव्या आवाजात विचारलं, "बाळ किती दिवसांचं आहे?" मी 58 वर्षांचा. शिवाय ते सहसा फ्रिजमध्ये ठेवावं लागतं आणि टोचल्यावर ठणकतं. पापाव्हरीन कमी ठणकतं, पण त्याने आत व्रण धरायची आणि ताठरता न उतरण्याची भीती जास्त. चार तास उलटले तर लाज सोडून थेट हॉस्पिटल गाठायचं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा. विदर्भात किंवा नंदुरबारकडे घरात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल तर तपासणीआधी या वाटेला जाऊच नका. पहिला डोस डॉक्टरांसमोरच.

आणि सिरिंज! डॉक्टर माप मिलीत सांगतात, इन्शुलिनच्या सिरिंजवर असतात युनिट. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 40 युनिट म्हणजे 1 मिली, केशरीत 100. घरात माझ्याकडे दोन्ही. आता लालवर बायकोने मार्करने रेघ मारून ठेवलीय. रोज पोटात इन्शुलिनची सुई टोचणाऱ्याला शिश्नाच्या बाजूने टोचायला जड जात नाही, फक्त दर वेळी बाजू बदलायची.

टोचल्यावर लगेच ती जागा पाच मिनिटं दाबून धरायची. दहा-पंधरा मिनिटांत कळतं, झालं की नाही. कधी होत नाही. मग सुई डब्यात टाकायची आणि चहा ठेवायचा.