४ नंबरचा लोखंडी रंधा: एक पावसाळा आणि निम्मा हिवाळा वापरल्यावर

मे महिन्यात पुण्याच्या बोहरी आळीतून लोखंडी रंधा घेतला, ४ नंबरचा (नंबर म्हणजे रंध्याचं माप), आणि आता जानेवारी चालू आहे, म्हणजे अख्खा पावसाळा आणि निम्मा हिवाळा वापरून झालाय, म्हणून आता लिहितोय. घेतल्याघेतल्या लिहिलं असतं तर पाचपैकी दोन स्टार दिले असते आणि ते चुकीचं ठरलं असतं.

आधी सांगतो घेतला कशासाठी. आमचं गावाकडचं घर चिपळूणजवळ, दारं काही सागवानी, काही फणसाची, आणि जून संपत आला की माजघराचं दार चौकटीला धरायला लागतं. आई एकटी असते तिथे, तिला रोज खांदा लावून दार ढकलायला लागायचं. काही वर्षांपूर्वी असंच परसदारचं दार अडकत होतं तेव्हा भर जुलैत एकाला बोलावून इलेक्ट्रिक प्लेनरने तासून घेतलं होतं, दहा मिनिटांत काम झालं, सगळे खूश. जानेवारीत जाऊन बघतो तर दार आणि चौकटीमध्ये बोट जाईल एवढी फट, कडी बसेना, रात्री गार वारा थेट आत. लाकूड पावसात हवेतला ओलावा घेऊन आडवं फुगतं आणि थंडीत परत आक्रसतं (लांबीत फारसा फरक पडत नाही, रुंदीत पडतो), त्यामुळे जुलैत मोकळं ढाकळं होईपर्यंत तासलेलं दार हिवाळ्यात ढिलं पडणारच. तेव्हाच ठरवलं की पुढचं दार स्वतः करायचं, हाताने, थोडं थोडं.

रंधा कोणत्या ब्रँडचा ते मुद्दाम लिहीत नाही, या भावातले दोन-तीन ब्रँड दुकानात हातात घेऊन बघितले आणि सगळ्यांची तयारी साधारण सारखीच वाटली. दीड हजाराच्या आत मिळाला. लांबी साधारण दहा इंच, पातं दोन इंच रुंद, वजन पावणेदोन किलोच्या आसपास. दुकानदार म्हणाले, "दादा, पेटीतून काढून लगेच चालवाल तर परत करायला याल, आधी तयार करून घ्या." लाख मोलाचं बोलले, मला तेव्हा कळलं नाही एवढंच.

घरी येऊन सागाच्या तुकड्यावर फिरवला तर नुसता उड्या मारत होता, मधेच अडकायचा, लाकूड ओरबाडल्यासारखं. सालपट निघायच्या जागी चुरा. मग एक रविवार त्यालाच दिला.

पहिलं काम तळाचं. सगळ्या रंध्यावर ग्रीस फासलेलं असतं ते टर्पेंटाइनने पुसलं, मग तळाला स्टीलची पट्टी लावून उजेडासमोर धरलं तर मधून उजेड आरपार, म्हणजे मधे खोलगट. काचवाल्याकडून ८ एमएमच्या काचेचा उरलेला तुकडा आणला, त्यावर ८० नंबरचा सँडपेपर चिकटवला, तळावर मार्करने रेघोट्या मारल्या आणि घासत सुटलो. रेघोट्या जिथे राहतात तिथे खड्डा. घासताना पातं बसवलेलंच ठेवायचं, फक्त आत ओढून घ्यायचं, कारण पातं आवळलं की तळ किंचित ताणला जातो आणि रंधा वापरताना तो तसाच ताणलेला असतो. सगळा तळ आरशासारखा करायची गरज नाही. पुढचं टोक, पात्याच्या तोंडाच्या (तळातल्या ज्या फटीतून पातं बाहेर येतं तिच्या) लगेच पुढची जागा आणि मागचं टोक, एवढं एका पातळीत आलं की पुरे. मला सव्वा तास लागला आणि दंड भरून आले.

मग पातं. याची पाठ आधी सपाट करायला लागते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. नव्या पात्याच्या पाठीवर मशीनच्या बारीक खाचा असतात, त्या धारेपर्यंत गेल्या की धार करवतीसारखी दातेरी होते, वरून कितीही घासा. अख्खी पाठ घासत बसू नका, धारेजवळचे चार-पाच एमएम चकचकीत झाले की झालं. पुढची उतरती बाजू मी आधी २५ अंशाला केली आणि अगदी टोकाला ३० अंशाचे थोडे हात दिले. कोन मोजायला काही नसेल तर एक सोपा हिशेब सांगतो, उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या बरोबर दुप्पट असली की ३० अंश. माझं पातं दोन एमएम जाड, म्हणजे अख्खा उतार ३० अंशाचा केला तर तो चार एमएमचा. ऑइल स्टोनवर, म्हणजे तेल लावून धार करायच्या दगडावर, घासत राहायचं, पाठीमागच्या बाजूला बोटाला सगळ्या रुंदीभर किंचित खरखर लागली की समजायचं धार टोकाला पोचली, मग पाठ सपाट ठेवून ती खरखर काढायची.

पात्यावर जी दुसरी पट्टी असते, कॅप आयर्न, ती धारेपासून एक ते दीड एमएमवर बसवली. माझ्या रंध्यात ही पट्टी पात्याला नीट टेकत नव्हती, फटीत सालपट घुसून गच्च व्हायचं, तिची कड दगडावर घासून जुळवल्यावर ते थांबलं. हा खरा दोष आहे आणि एवढे पैसे घेऊन कंपनीने हे करून द्यायला हवं असं माझं स्पष्ट मत. मूठही ढिली आणि खरबरीत होती, स्क्रू आवळून १२० आणि २२०चा पेपर मारला. पातं खालीवर करायच्या पितळी चाकाला ढिलेपणा भरपूर, जवळजवळ एक पूर्ण फेरा फुकट जातो, त्याचं काही करता येत नाही, सवय होते.

संध्याकाळी त्याच सागाच्या तुकड्यावर परत फिरवला. सर्रर्र असा एक आवाज आला आणि पातळ, अख्खं सालपट गुंडाळी होऊन तोंडातून वर आलं, त्यातून पलीकडचा बल्ब दिसत होता. बायकोला हाक मारून दाखवलं.

जुलैत गावी नेला. दाराला रंधा लावायच्या आधी बिजागऱ्या बघा, हे सगळ्यांना सांगणं आहे. आमच्या वरच्या बिजागरीचे दोन स्क्रू नुसते फिरत होते, दार त्यामुळेच ओघळलेलं. भोकात फेविकॉल लावून काडेपेटीच्या काड्या ठोकल्या, रात्रभर सुकू दिलं, सकाळी स्क्रू घट्ट बसले आणि निम्मं अडकणं तिथेच गेलं. उरलेलं कुठे धरतंय ते शोधायला कार्बन पेपर वापरला, चौकटीकडे कार्बनची बाजू करून दार मिटलं की जिथे घासतं तिथे निळी खूण चौकटीवर उमटते, मग कार्बन फिरवून दारावर. दोन्ही खुणा जुळल्या ती जागा. सगळी कड तासायची गरजच नव्हती, वरची जेमतेम वीतभर जागा होती.

तेवढ्यावर वीसेक हात मारले, मधे मधे दार मिटून बघत, आणि अंगाने न ढकलता मिटायला लागलं की थांबलो. किंचित घासतंय असं आई म्हणाली, तेवढं राहू दिलं. लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच चालवायचा, उलटा चालवला की चिरफळ्या निघतात. दाराच्या डोक्यावरच्या टोकाला मात्र दोन्ही बाजूंनी मधे यायचं, एकाच दिशेने बाहेर काढलात तर कोपरा उडतो. तासलेली जागा उघडी ठेवू नका, पॉलिशचे दोन हात द्या, आणि त्याच वेळी दाराची वरची नि खालची कड बघा, आमच्याकडे तिथे वर्षानुवर्षं काहीच लावलेलं नव्हतं आणि ओलावा बराचसा तिथूनच आत जात होता.

सागात मुळात सिलिका (वाळूतला कठीण पदार्थ) असते, धार लवकर बोथटते, दोन दारांनंतर परत दगडावर घेतलं. फणस त्या मानाने मऊ हाती लागला. सनमायका किंवा प्लायच्या कडेवर हा रंधा अजिबात चालवू नका, धारेची वाट लागते. तळावर मेणबत्ती घासली की सरसर चालतो. कोकणात गंजाची फार काळजी, काम झालं की शिवणयंत्राच्या तेलाचा कपडा फिरवून जुन्या सुती धोतरात गुंडाळून ठेवतो, अजून एक ठिपका नाही.

दहा-बारा दारं एका दिवसात करायची असतील तर हा घेऊ नका, मशीन घ्या. चार दारं, एखादा पाट, देवघराचं झाकण, एवढ्याला हा उत्तम. चार स्टार देतोय, एक त्या कॅप आयर्नसाठी कापला.

गेल्या आठवड्यात गावी होतो तेव्हा माजघराचं दार मिटून कडेने पोस्टकार्ड फिरवून बघितलं. सगळीकडे एकसारखं सरकलं, कुठे अडकलं नाही, कुठे सैल पडलं नाही. आई म्हणाली, "आता त्या परसदाराच्या फटीला पट्टी लावशील का?" सागाची पट्टी आणून ठेवलीय, याच रंध्याने तासतोय.