क्रूझ: सीझन संपल्यावरचं मत, आणि एका प्लग पॉइंटची तक्रार

मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझवर मजले किती, रेस्टॉरंट किती, डीजे किती वाजेपर्यंत, हे ठाण्यातल्या प्रत्येक सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरून झालंय. ते सोडून देतो. ब्रोशरमध्ये जे नसतं त्यापासून सुरुवात: चार जणांची केबिन आणि चार्जिंगला आरशाजवळचे एक-दोन पॉइंट.

जुन्या, परदेशी प्रवाशांसाठी बांधलेल्या जहाजांत एक सॉकेट अमेरिकी चपट्या पिनांचं आणि एक युरोपियन गोल पिनांचं, असा मामला असतो. मोबाइलच्या चार्जरच्या दोन बारीक पिना गोल सॉकेटात जातात. लॅपटॉपचा तीन पिनांचा जाड प्लग कुठेच जात नाही. आणखी एक गंमत म्हणजे हे गोल सॉकेट भिंतीत खोल बसवलेलं असतं. चार्जरचं डोकं चौकोनी आणि मोठं असेल, तर ते कडेला अडतं आणि पिना आतपर्यंत पोचतच नाहीत.

मग माणूस घरचा एक्स्टेन्शन बोर्ड बॅगेत टाकतो आणि तो सिक्युरिटीच्या स्कॅनरवर पकडला जातो. इस्त्री आणि किटलीचंही तेच. काउंटरवर हुज्जत घालून उपयोग नाही, कारण नियमामागे खरं कारण आहे. घरात दोनपैकी एकच वायर जिवंत असते, न्यूट्रल जमिनीला जोडलेला असतो. जहाजावर बहुधा तसं नसतं, दोन्ही वायरींत करंट धरून चालावं लागतं. सर्ज प्रोटेक्टरवाला, म्हणजे करंटच्या अचानक उसळीपासून वाचवणारा बोर्ड एकाच वायरीतला करंट तोडतो. बिघाड झाला की दुसरीकडून करंट चालूच राहतो आणि बोर्ड तापून पेटू शकतो. अमेरिकी कोस्ट गार्डने २०१३ मध्ये याबद्दल जहाजांना सावधगिरीची सूचनाच काढली होती. राग नियमाचा नाही. बुकिंग करताना बीच टॉवेलपर्यंत सगळं सांगतात, हे एवढंच सांगत नाहीत, त्याचा आहे.

उपाय स्वस्त आहे. सर्ज प्रोटेक्टर नसलेला, बारीक पिनांचा, चार पोर्टचा यूएसबी चार्जर आणि एक छोटा ट्रॅव्हल अ‍ॅडॉप्टर घ्या. झोपेत सीपॅप मशीन (श्वास चालू ठेवायला मास्कमधून हवा देणारं) लागणाऱ्यांनी बुकिंगच्या वेळीच लेखी कळवावं आणि मंजूर एक्स्टेन्शन वायर जहाजाकडूनच मागावी. आयत्या वेळी मागितली तर मिळेलच असं नाही.

आता क्रूझ कोणाला मानवते. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांना सगळ्यात जास्त, यात वाद नाही. सामान एकदाच सोडायचं, जेवण लिफ्टच्या अंतरावर, रोज नवं हॉटेल नाही. फक्त त्यांना चौघांच्या केबिनमधला वरचा बंक देऊ नका. तिसऱ्या-चौथ्या माणसाचं भाडं कमी पडतं ते त्याच बंकमुळे, आणि तिथे शिडीने चढावं लागतं. लहान मुलं खूश राहतात. तान्ह्या बाळांना मात्र वयाची अट असते, आणि गर्भवतींना साधारण २४ आठवड्यांनंतर घेत नाहीत. तिकीट काढण्याआधी अटी वाचा. जैन जेवण बुकिंगमध्येच नोंदवावं, बुफेसमोर उभं राहून विचारू नये. एकट्याने जाणाऱ्याला हा सौदा महाग पडतो, कारण जाहिरातीतलं भाडं दोघांच्या केबिनमधलं माणशी असतं आणि रिकाम्या खाटेचेही पैसे मोजावे लागतात. आणि ज्यांना गोवा ‘बघायचा’ आहे त्यांनी सरळ ट्रेनने जावं. बंदरात मिळतात काही तास, त्यातले बरेच रांगेत जातात.

लक्षद्वीपला जहाज धक्क्याला लागत नाही. दूर नांगर टाकून छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. लाट वाढली की ते रद्द होतं आणि दिवस जहाजावरच जातो. तिकीट काढताना हे धरूनच चाला.

केबिनबद्दल मत फिरलंय. खिडकी नसलेली इनसाइड केबिन म्हणजे पैसे भरून कोठडी, असं सीझनच्या सुरुवातीला वाटायचं. आता किमतीच्या मानाने तीच सगळ्यात शहाणी वाटते. दिवसभर कोणी खोलीत बसत नाही, आणि मिट्ट काळोखात झोप फार चांगली लागते. निवडताना डेक खालचा आणि जागा जहाजाच्या मधोमध बघा, तिथे झुलणं सर्वांत कमी. नाकाकडे वरखाली होणं जास्त जाणवतं. जहाजाच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली असलेले पंख (स्टॅबिलायझर) त्याचं कुशीवर झुलणं कमी करतात, नाक वरखाली होणं नाही. पुढच्या टोकाला खालच्या डेकवर असाल, तर धक्क्याला लागताना पहाटे थ्रस्टरचा, म्हणजे जहाज आडवं सरकवणाऱ्या पंख्याचा आवाज उठवतो. थिएटरच्या वरची-खालची केबिन तर फुकट दिली तरी नको. मळमळ होणाऱ्यांनी अ‍ॅव्होमिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून सुटण्याआधी घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही.

ओले कपडे वाळत घालायला मॅग्नेटचे हूक न्या. केबिनच्या भिंती बहुधा पोलादी, पटकन चिकटतात. किनारा मागे पडला की फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर तो जहाजाच्या सॅटेलाइट नेटवर्कला लागतो आणि रोमिंगचं बिल घरी आल्यावर कळतं.

बोर्डिंग बॅलार्ड पिअरला. ठाण्याहून फास्ट लोकलने सीएसएमटी आणि पुढे टॅक्सी. रविवारी बोर्डिंग असेल तर मेगाब्लॉक आदल्या दिवशीच बघा, वाशी-बेलापूरकरांनी हार्बरचा तर नक्कीच. बॅगा जड असतील तर ठाण्याहून ईस्टर्न फ्रीवे बरा. उलवेकरांना अटल सेतू सोयीचा, टोल भरायची तयारी असेल तर. चेक-इनला दिलेली मोठी बॅग केबिनमध्ये यायला काही तास लागतात. औषधं, पोहण्याचे कपडे आणि चार्जर हातातल्या पिशवीत ठेवा.

शेवटच्या रात्री बॅगा टॅग लावून दाराबाहेर ठेवायला सांगतात, सकाळचे कपडे त्याआधी बाजूला काढा. केबिनच्या खात्याचं बिल त्याच रात्री रिसेप्शनवर तपासा. सकाळी तिथे उभं राहायलाही जागा नसते, आणि चुकून लागलेलं ड्रिंक काढून घ्यायचं तर माणूस समोर हवा.