सीपॅपची निवड : यंत्रापेक्षा मास्क महत्त्वाचा

स्लीप स्टडीचा, म्हणजे झोपेतल्या श्वासाच्या तपासणीचा, अहवाल हातात पडला आणि डॉक्टरांनी सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारे यंत्र, लिहून दिले, की बहुतेक जण यंत्रांची तुलना करायला बसतात. कोणाचा पडदा मोठा, कोणाचा आवाज कमी, कोणाचे ॲप चांगले, यात बराच वेळ जातो आणि मास्क मात्र यंत्रासोबत जो मिळेल तो मुकाट्याने घेतला जातो. दीर्घकाळ सीपॅप वापरल्यावर माझे मत असे झाले आहे, की हा क्रम उलटा असायला हवा. चांगल्या यंत्रांमधला आपापसातला फरक थोडा असतो. उपचार टिकणार की यंत्र कपाटात जाणार, हे मास्कवर ठरते.

सीपॅप ज्यासाठी देतात त्या स्लीप ॲप्निया या आजारात झोपेत घशाचे स्नायू सैलावून श्वासमार्ग मिटतो, श्वास १० सेकंद किंवा त्याहून अधिक काळ अडतो, रक्तातला ऑक्सिजन घसरतो आणि मेंदू क्षणभर जागा होऊन श्वास पुन्हा सुरू करतो. असे प्रकार तासाला १५ ते ३० वेळा घडत असतील तर आजार मध्यम आणि ३० हून अधिक वेळा घडत असतील तर तीव्र मानला जातो. सीपॅप यावर औषध देत नाही आणि ऑक्सिजनही देत नाही. खोलीतलीच हवा गाळून, ठरावीक दाबाने नाकावाटे आत सोडून, श्वासमार्ग उघडा ठेवणे एवढेच त्याचे काम. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली ही पद्धत मांडली, तेव्हा रुग्णांना नाकावरचा मास्क रोज रात्री चिकटद्रव्याने चेहऱ्याला चिकटवावा लागे. हवा ढकलणाऱ्या मोटारीचा प्रश्न कधीच सुटला आहे; हवा चेहऱ्याशी न गळता कशी टिकवायची, हा प्रश्न आजही प्रत्येक वापरणाऱ्याला आपल्यापुरता नव्याने सोडवावा लागतो.

यंत्राबाबत तीन गोष्टी पाहिल्या की पुरे. पहिली म्हणजे दाब. ही यंत्रे साधारणपणे पाण्याच्या ४ ते २० सेंटिमीटर उंचीइतका दाब देतात. स्वयंचलित यंत्र रात्रभर श्वासाचा अंदाज घेत तो कमीजास्त करते. उताणे झोपल्यावर किंवा स्वप्नांच्या झोपेत अधिक दाब लागतो, म्हणून मला हा प्रकार सोयीचा वाटतो. मात्र हृदय कमकुवत असणाऱ्यांनी किंवा मेंदूकडूनच श्वासाचा संदेश येण्यात खंड पडतो अशांनी स्वतःच्या मनाने स्वयंचलित यंत्र घेऊ नये. दुसरी गोष्ट म्हणजे ह्युमिडिफायर, म्हणजे हवा दमट करणारी पाण्याची टाकी, आणि शक्य असल्यास गरम होणारी नळी; कोरड्या हवेने नाक चोंदते आणि चोंदलेल्या नाकाने सीपॅप निभत नाही. तिसरी म्हणजे रोजच्या वापराची, गळतीची आणि यंत्र लावूनही उरलेल्या श्वासखंडांची (श्वास अडण्याच्या प्रकारांची) सविस्तर नोंद. वापरलेले यंत्र घेणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी : आवाज शोषणारा फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याच्या शक्यतेमुळे फिलिप्सने जून २०२१ मध्ये आपली अनेक यंत्रे परत मागवली होती, तेव्हा यंत्राचा क्रमांक त्या यादीत आहे का, हे आधी तपासावे.

आता मास्क. नाकपुड्यांशी टेकणारा छोटा पिलो मास्क, पूर्ण नाक झाकणारा आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा, असे मुख्य प्रकार आहेत. तोंड उघडे ठेवून झोपणाऱ्याला सरळ मोठा मास्क दिला जातो, परंतु जितकी कड लांब तितक्या गळतीच्या जागा अधिक. नाकाने श्वास घेता येत असेल तर नाकाच्या मास्कपासून सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सांगेन. नाक मोकळे झाले की पुष्कळांचे तोंड आपोआप मिटलेले राहते. दाट मिशी असेल तर नाक झाकणाऱ्या मास्कची कड केसांवर बसते आणि गळते, तिथे पिलो मास्क उपयोगी पडतो. काही मास्कच्या पट्ट्यांना चुंबकाच्या कड्या असतात. पेसमेकर किंवा शरीरात बसवलेले तत्सम उपकरण असणाऱ्यांनी, तसेच त्यांच्या शेजारी झोपणाऱ्यांनीही, ते टाळलेले बरे.

मास्कची पारख दुकानातल्या खुर्चीवर बसून होत नाही. आडवे झाल्यावर गाल आणि जबडा यांची ठेवण बदलते, म्हणून मास्क लावून, यंत्र नेहमीच्या दाबावर सुरू करून, आडवे होऊन दोन्ही कुशींवर वळून पाहावे. हवा येऊ लागल्यावर मास्क चेहऱ्यापासून किंचित उचलून पुन्हा टेकवावा; सिलिकॉनची पातळ कड हवेने फुगते आणि त्वचेवर स्वतःच बसते. पट्टे त्यानंतर आवळावेत, तेही कड जेमतेम टेकेल इतकेच. गळती दिसली की पट्टा आणखी ओढण्याचा मोह होतो, पण त्याने फुगलेली कड दबून चुरगळते, गळती वाढते आणि सकाळी नाकाच्या दांड्यावर लाल वळ उठतो. डोळ्याच्या कोपऱ्यात हवेची बारीक झुळूक लागत असेल तर बहुधा मास्कचे माप चुकलेले असते; पट्टे ओढून ते दुरुस्त होत नाही. मास्कच्या पुढच्या छिद्रांतून सतत हवा बाहेर पडते, ती मात्र गळती नव्हे. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तिथूनच जातो, त्यामुळे ती छिद्रे कधीही बुजवू नयेत.

सुरुवातीचे काही दिवस दिवसा, जागेपणी, वाचत किंवा काही पाहत मास्क लावून बसल्याने गुदमरल्याची भावना पुष्कळ कमी होते. दाब हळूहळू चढवणारी रॅम्पची सोय आणि श्वास सोडताना दाब उतरवणारी सोय, दोन्ही वापरून पाहाव्यात. वापर पुरेसा आहे का, हे मोजताना ७० टक्के रात्री किमान ४ तास हा निकष लावतात. माझ्या मते तो फारच उदार आहे, कारण स्वप्नांची झोप पहाटेकडे अधिक असते आणि मास्क नेमका तेव्हाच काढून टाकलेला असतो.

स्वच्छता सोपी आहे, पण ती रोज हवी. चेहऱ्याच्या तेलाने सिलिकॉन घसरते, म्हणून झोपण्यापूर्वी चेहरा आणि सकाळी मास्कची गादी सौम्य साबणाने धुवावी. ह्युमिडिफायरच्या टाकीत डिस्टिल्ड पाणी रोज नवे भरावे आणि ती भरलेली असताना यंत्र उचलू नये, कारण पाणी मोटारीत शिरते. नळीत पाणी खळखळू लागले तर यंत्र उशीच्या पातळीपेक्षा खाली ठेवावे किंवा आर्द्रता थोडी कमी करावी. ओझोनने साफ करणारी उपकरणे मी घेणार नाही. त्यांचा वायू फुप्फुसांना अपायकारक आहे.

नोंदी रोज सकाळी चाळण्याची गरज नाही. शिवाय यंत्र केवळ हवेच्या प्रवाहावरून अंदाज बांधते, आपण झोपलो आहोत की जागे हे त्याला कळत नाही, त्यामुळे एखाद्या रात्रीच्या आकड्याने घाबरू नये. मात्र गळती आटोक्यात असूनही श्वासखंडांचा तासाचा आकडा आठवड्यांमागून आठवडे ५ च्या वर राहत असेल, किंवा आकडा उत्तम असूनही दिवसा गाडी चालवताना डोळे मिटत असतील, तर दाब स्वतः बदलत न बसता नोंदी घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि जाताना मास्कही सोबत न्यावा.