घरातले पहिले ध्वनिमुद्रण: कोणासाठी कोणता माइक, कोणता इंटरफेस

गेल्या दोन महिन्यांत माझ्या ओळखीच्या दोघींनी घरीच ध्वनिमुद्रण करायचे ठरवले आणि दोघींनी मला एकच प्रश्न विचारला: माइक कोणता घेऊ? पहिली माझी भाची. ती पुण्यात धायरीला चौथ्या मजल्यावर राहते आणि तिला मराठी कथा वाचून मुद्रित करायच्या आहेत. दुसऱ्या आमच्या जुन्या शेजारच्या काकू. सदाशिव पेठेत अगदी रस्त्यालगत, पहिल्या मजल्यावर त्यांचे घर आहे, आणि काकांच्या पेटीच्या साथीने त्यांना अभंग मुद्रित करायचे आहेत. दोघींनी बाजूला काढलेली रक्कम जवळपास सारखी होती, चाळीस हजारांच्या आतबाहेर. याद्या मात्र इतक्या वेगळ्या निघाल्या की त्यांत एकही वस्तू सामाईक राहिली नाही.

कंडेन्सर की डायनॅमिक

दुकानात विचारले की ठरलेले उत्तर मिळते: कंडेन्सर माइक (वीज लागणारा, अधिक संवेदनशील) सगळा गोंगाट पकडतो, डायनॅमिक (वीज न लागणारा, स्टेजवर गायकांच्या हातात दिसतो तसा) पकडत नाही, म्हणून गोंगाटाच्या जागी डायनॅमिक घ्या. यात थोडे तथ्य आहे. पण कारण चुकीचे सांगितले जाते, आणि कारण चुकले की खरेदीही चुकते.

हे पडताळण्यासाठी मी ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२० हा कंडेन्सर आणि शुअरचा एसएम५८ हा डायनॅमिक, असे दोन्ही माइक काकूंच्या घरी नेले. दोन्ही कार्डिऑइड, म्हणजे समोरचा आवाज अधिक आणि मागचा कमी घेणारे. आधी दोन्ही तोंडापासून २० सेंटिमीटरवर ठेवले आणि काकूंचा आवाज दोन्हींत सारख्याच पातळीवर येईल असा गेन (आवाज वाढवण्याचे प्रमाण) लावला. खालून जाणाऱ्या रिक्षाचा हॉर्न दोन्ही ट्रॅकवर जवळजवळ सारखाच उमटला. डायनॅमिक माइकने कोणतीही खास सवलत दिली नाही. मग एसएम५८ तोंडापासून ५ सेंटिमीटरवर आणला आणि आवाज पुन्हा पूर्वीच्या पातळीवर येईपर्यंत गेन खाली उतरवला. आता मात्र हॉर्न दूर गेला. अंतर निम्मे झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. २० वरून १० आणि १० वरून ५ सेंटिमीटर, म्हणजे १२ डेसिबल. तेवढाच गेन कमी करता येतो, आणि खोलीचा व रस्त्याचा आवाजही तेवढाच मागे हटतो. गोंगाटापासून वाचवले ते अंतराने, माइकच्या जातीने नव्हे. डायनॅमिक माइक ओठांजवळ धरण्यासाठीच घडवलेले असतात, म्हणून श्रेय त्यांना मिळते, इतकेच.

मग प्रश्न असा उरतो की ५ सेंटिमीटरवर बसून काम होईल काय. भाचीचे होईल. ती एका जागी बसून, एका पातळीवर वाचते, आणि जवळून बोलल्याने आवाजात जो खर्ज वाढतो तो कथाकथनाला शोभतोही. काकूंचे होणार नाही. तार सप्तकात जाताना त्या मान मागे नेतात, विठ्ठलाचे नाव घेताना पुढे झुकतात. इतक्या जवळच्या माइकवर दोन-तीन सेंटिमीटर हललेही तरी आवाज एकदम चढतो-उतरतो आणि त्याचा रंगही बदलतो. शिवाय अभंगांत ‘पंढरी’, ‘भीमा’, ‘पांडुरंग’ हे शब्द जागोजागी येतात, आणि प, फ, भ या वर्णांबरोबर सुटणारा श्वास जवळच्या माइकवर धप्पकन आदळतो. पॉप फिल्टरने (माइकपुढे लावायच्या जाळीने) तो कमी होतो, जात नाही.

म्हणून घर जिचे अधिक गोंगाटाचे, तिच्याच यादीत कंडेन्सर आला. काकूंचा माइक २५-३० सेंटिमीटरवर राहणार हे एकदा ठरले की त्या अंतरावर डायनॅमिकचा काही फायदा उरत नाही, तोटा मात्र दिसू लागतो. एटी२०२० ची संवेदनशीलता दर पास्कलला १४.१ मिलिव्होल्ट आहे, एसएम५८ ची १.८५, म्हणजे त्याच आवाजासाठी डायनॅमिकला सुमारे १७-१८ डेसिबल अधिक गेन द्यावा लागतो, आणि स्वस्त इंटरफेसवर (माइकचा आवाज संगणकात पोचवणाऱ्या यंत्रावर) गेन शेवटापर्यंत फिरवला की मागे ‘सूऽऽ’ असा आवाज येतो. पॉडकास्टच्या चित्रफितींत हमखास दिसणारा शुअरचाच एसएम७बी तर त्याहूनही कमी संवेदनशील आहे. त्याला साधारण ६० डेसिबल गेन हवा असतो, आणि पहिल्याच खरेदीत तो घेणाऱ्याला बहुधा वेगळा बूस्टरही घ्यावा लागतो. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

याच्या उलट दिशेचा मोह म्हणजे अधिक शांत, अधिक महाग कंडेन्सर. रोडचा एनटी१-ए हा माइक त्याच्या अवघ्या ५ डेसिबल स्वतःच्या आवाजासाठी (माइकच्या आतूनच येणाऱ्या सूक्ष्म ‘सूऽऽ’साठी) प्रसिद्ध आहे. एटी२०२० चा तोच आकडा २० आहे. कागदावर फरक मोठा दिसतो. परंतु निवासी भागासाठी आपल्या ध्वनिप्रदूषण नियमांतली मर्यादाच दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि झोपण्याच्या खोलीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली पातळी ३० आहे. पेठेतल्या खोलीत ५ आणि २० मधला फरक पंख्याच्या आवाजाखाली गडप होतो. तो पैसा खिडकीवर खर्च करावा.

यूएसबी की इंटरफेस

भाचीसाठी मी यूएसबी आणि एक्सएलआर (इंटरफेसला जोडायचे तीन पिनांचे) असे दोन्ही सॉकेट असलेला डायनॅमिक माइक सुचवला. सॅमसनचा क्यू२यू किंवा ऑडिओ-टेक्निकाचा एटीआर२१००एक्स या जातीतले आहेत. आज तो थेट लॅपटॉपला लावता येतो, त्यावरच हेडफोनचे सॉकेट असते, आणि पुढे इंटरफेस घेतला तरी माइक बदलावा लागत नाही. एकट्याने बोलणाऱ्या माणसाला सुरुवातीला इंटरफेसची खरोखर गरज नसते, हे दुकानदार फारसे सांगत नाहीत.

यूएसबी माइक अडतो तो दुसरा माणूस आला की. असा प्रत्येक माइक संगणकाच्या दृष्टीने स्वतंत्र ध्वनियंत्र असतो आणि त्याचे घड्याळ स्वतःचे असते. विंडोजवर असे दोन माइक एकाच वेळी, वेगवेगळ्या ट्रॅकवर नीट चालवणे ही डोकेदुखी आहे. काकूंचा गळा आणि काकांची पेटी एकाच वेळी मुद्रित व्हायची, म्हणजे त्यांना इंटरफेस हवाच, आणि तोही दोन माइकचा.

येथे फोकसराइटच्या स्कारलेट सोलो आणि २आय२ यांत अनेकांची फसगत होते. दोन्हींवर दोन इनपुट दिसतात. पण सोलोवर माइकचा प्रीअँप (माइकचा क्षीण आवाज वाढवणारा भाग) एकच असतो, दुसरे इनपुट गिटारसाठी किंवा कीबोर्डसारख्या लाइन पातळीच्या वाद्यासाठी असते. गिटार वाजवत गाणाऱ्याला सोलो पुरेल. पेटी, तबला, बासरी यांपैकी काहीही गळ्याबरोबर घ्यायचे असेल, तर २आय२ किंवा त्या तोलाचा दोन प्रीअँपचा दुसरा इंटरफेस घ्यावा. चौथ्या पिढीच्या २आय२ मध्ये ६९ डेसिबल गेन मिळतो, सोलोमध्ये ५७. पेटीवर डायनॅमिक माइक लावायचा असेल तर ही मोकळीक उपयोगी पडते. पेटीसाठी काकूंनी नवा माइक घेतलाच नाही. त्यांच्या भजनी मंडळाकडे एक डायनॅमिक होता, तो आणला. दोन माइकमधले अंतर हे प्रत्येक माइक आणि त्याचा आवाज यांतल्या अंतराच्या किमान तिप्पट असावे, असा एक जुना दंडक आहे. त्याप्रमाणे काकांना काकूंपासून थोडे दूर, तिरपे बसवले. आजवर शेजारी मांडी घालून साथ केलेल्या माणसाला हे रुचले नाही, पण दुसऱ्या टेकला त्यांची तक्रार थांबली.

आपल्याकडच्या गायकांसाठी एक बारीक गोष्ट: बैठकीवर बसून गायचे असेल तर सरळ उभा स्टँड निरुपयोगी ठरतो, कारण तो पुरेसा खाली येत नाही. छोटा बूम (आडव्या दांडीचा) स्टँड मागावा आणि तो दुकानातच जमिनीवर ठेवून, बसून पाहावा. संकोच करू नये.

हेडफोन आणि स्पीकर

मुद्रणासाठी बंद कपांचेच हेडफोन घ्यावेत. उघड्या कपांमधून तानपुऱ्याचा किंवा मेट्रोनोमचा आवाज बाहेर झिरपतो आणि माइकमध्ये जातो. ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम४०एक्स, सेनहायजर एचडी २८० प्रो, सोनी एमडीआर-७५०६ हे तिन्ही या कामाचे आहेत. त्यांत निवड करताना आवाजापेक्षा कानावरचा दाब पाहावा, कारण पुण्याच्या एप्रिलमध्ये पंखा बंद करून तासभर ते घालून बसायचे असते. बेयरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ८० आणि २५० ओहम अशा दोन्ही रूपांत मिळतो; छोट्या इंटरफेसवर २५० ओहमचा आवाज कमी पडू शकतो, म्हणून ८० चा घ्यावा. ब्लूटूथचे हेडफोन घरात असले तरी या कामाला बाद समजावेत. त्यांत आवाज इतका उशिरा पोचतो की गाणारा लयीतून घसरतोच.

मॉनिटर स्पीकर (मुद्रण तपासून ऐकण्याचे) पहिल्या वर्षी घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. यामाहाचे एचएस५ उत्तमच आहेत, पण ते दहा बाय दहाच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवले तर तुम्ही स्पीकर ऐकत नसता, खोली ऐकत असता. दहा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे ५६ हर्ट्झचा ध्वनी घुमत राहतो. लांबी-रुंदी सारखी असेल तर तोच ध्वनी दोन्हीकडून घुमतो, आणि डग्ग्याचा घुमारा कमी आहे की जास्त, याचा निर्णय करता येत नाही. त्या रकमेत दोघींच्याही खोल्या सुधारल्या.

खोली सुधारणे याचा अर्थ मात्र नीट समजून घ्यावा. बाहेरचा आवाज अडवणे आणि आतला घुमारा शोषणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यासाठी वजन आणि बंद फटी लागतात. दुसऱ्यासाठी जाड, मऊ, सच्छिद्र वस्तू. अंड्यांचे ट्रे दोन्हींतले काहीच धड करत नाहीत, आणि इंचभर जाडीचा काळा फोम फक्त वरचे स्वर खातो, त्यामुळे आवाज कोंदट होतो आणि खालचा घुमारा तसाच राहतो. भाचीने कपड्यांचे कपाट उघडे टाकले, पाठीमागे दोरीवर दोन गोधड्या टांगल्या, आणि तिच्या ट्रॅकमधला डबा वाजल्यासारखा आवाज गेला. काकूंकडे दोन जुन्या कापसाच्या गाद्या होत्या, त्या माइकसमोरच्या कोपऱ्यांत उभ्या केल्या. रस्त्याकडच्या खिडकीच्या फटींना रबरी पट्टी लावली. उरलेले काम वेळ करते: पहाटे पाच ते साडेसहा, दूधवाला येईपर्यंत. गणपतीच्या आधीचे काही आठवडे ढोल-ताशा पथकांचा सराव असतो, तेव्हा संध्याकाळी मुद्रणाचा हट्टच धरू नये.

सॉफ्टवेअरवर पहिल्या दिवशी पैसे घालवण्याचे कारण नाही. वाचनासाठी ऑडॅसिटी विनामूल्य आहे, मॅकवर गॅरेजबँड आहे, आणि रीपर ६० दिवस वापरून मग विकत घेता येते. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवावे, आणि मोठ्यात मोठा स्वर सॉफ्टवेअरच्या मीटरवर उणे १० ते १२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये.

विकत घेताना

केबल, कनेक्टर, वाढीव प्लग यांसाठी तपकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाचा परिसर पुरेसा आहे. माइक मात्र अधिकृत विक्रेत्याकडूनच, बिलासह घ्यावा. एसएम५८ च्या नकला जगभर विकल्या जातात आणि मीही एकदा, स्वस्तात मिळाला म्हणून, त्यांतला एक घेतला होता. जाळी, अक्षरे, खोका, सगळे बरोबर होते; आवाज मात्र नाकातून आल्यासारखा. अखेर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेऊन तो काट्यावर ठेवला. अस्सल माइकचे वजन २९८ ग्रॅम असते. काटा त्याच्या बराच अलीकडे थांबला, आणि दुकानदाराने मला गंभीरपणे विचारले की हे किलोच्या भावाने विकायचे आहे काय.

इंटरफेस जुना घेण्यास हरकत नाही, पण तो विक्रेत्याच्या घरी आपल्याच लॅपटॉपवर लावून पाहावा. कंडेन्सर माइक बरोबर न्यावा, ४८ व्होल्टचे फँटम बटण (कंडेन्सरला वीज देणारे) दाबून दोन्ही इनपुटांवर आवाज येतो का ते पाहावे, आणि हेडफोन घालून प्रत्येक बटण हळूहळू शेवटापर्यंत फिरवावे. खरखर असेल तर ती तेव्हाच ऐकू येते. घुंगऽऽ असा सलग आवाज आला, तर लगेच इंटरफेसला दोष देऊ नये. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. काकूंच्या घरी तो आवाज चार्जर काढताच थांबला. जुन्या इमारतीतल्या त्या प्लगला अर्थिंगच नव्हते, आणि वायरमनने ते करून देईपर्यंत पहिले चार अभंग आम्ही बॅटरीवर मुद्रित केले.