एकल गायनाआधीची धास्ती: सराव, श्वास, गोळी की समुपदेशन?

गणपतीत वाडीभर फिरून आरत्या म्हणणारा आणि डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यात, पहाटेपर्यंत कोरस देणारा मुलगा रत्नागिरीला किंवा कुडाळला एकटा राग मांडायला बसला, की पहिल्याच षड्जाला त्याचा आवाज कापतो. भजनात बुवांचा शब्द उचलून धरायला कोरस असतो, पखवाज असतो, झांजा असतात. एकल मैफलीत हा आधार नसतो. यावर चार उपाय सुचवले जातात. त्यांतला कोणता निवडावा, हे नेमके काय बिघडते आणि कार्यक्रमाला किती अवधी उरला आहे, यावर ठरवावे.

आधी बिघाड ओळखावा. तोंडाला कोरड पडणे, श्वास छातीतच अडकणे, हात थरथरणे हा शरीराचा भाग झाला. शब्द विसरणे आणि सम (तालाची पहिली मात्रा) सुटणे हे पुष्कळदा पाठांतराच्या पद्धतीमुळे होते आणि त्यावर प्राणायाम किंवा गोळी फारशी उपयोगी पडत नाही. बंदिश नेहमी मुखड्यापासूनच, म्हणजे समेवर येणाऱ्या सुरुवातीच्या शब्दांपासूनच, म्हणण्याची सवय असेल, तर मध्येच शब्द निसटल्यावर मनाला पुन्हा मुखडाच शोधावा लागतो. म्हणून अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीपासून गायला सुरुवात करून पाहावी, न गुणगुणता बंदिश कागदावर लिहून काढावी, आणि तीनतालात मुखडा नवव्या मात्रेवर उठत असेल, तर नुसता ठेका ऐकून तो तिथेच उचलता येतो का, हे तपासावे. ही मेहनत पुढचा कोणताही उपाय निवडला तरी करावीच लागते.

हाताशी दोन महिने असतील, तर माझा कौल निःसंशय पायरीपायरीने श्रोत्यांसमोर बसण्याला आहे. प्रथम घरच्या पडवीत दोन-तीन शेजारी, मग गावच्या देवळातल्या उत्सवात गायनसेवा आणि त्यानंतर रत्नागिरीच्या ‘खल्वायन’च्या मासिक सभेत असतात तसे जाणकार श्रोते, असा क्रम ठेवावा. शेजारी बसलेले असले तरी तालीम कार्यक्रमासारखीच व्हावी: तोच पोशाख, तोच तानपुरा आणि चुकले तरी पहिल्यापासून सुरुवात नाही. चूक झाल्यावर पुढे जात राहण्याची सवय हीच या पद्धतीची खरी कमाई असून ती बंद खोलीतल्या रियाजाने लागत नाही. त्यात आपल्याकडची दमट हवा आहेच. पावसाळ्यात तबल्याची पुडी (वरचे कातडे) सैल पडते, घरी जुळवलेला तबला सभागृहात उतरलेला लागतो आणि ऐनवेळी हातोडीचे ठोके सुरू झाले, की गायकाचा धीर आणखी सुटतो. ज्याने दोन-चार ठिकाणी हे अनुभवले आहे, तो लवकर पोचतो आणि वाद्ये तिथल्या हवेत जुळवून घेतो. या उपायाची उणीव एवढीच, की त्याला वेळ लागतो.

कार्यक्रम आठवड्यावर आला असेल, तर श्वासाचा उपाय पत्करावा. चार अंक मोजत श्वास घ्यावा आणि सहा अंक मोजत सोडावा. मिनिटाला सुमारे सहा श्वास होतात आणि लांबलेल्या उच्छ्वासाने हृदयाची गती उतरू लागते. खर्जाचा, म्हणजे खालच्या सुरांवर दीर्घ थांबण्याचा, रियाज करणाऱ्याला हे अवघड नाही. धडधड मात्र पूर्ण थांबवण्याच्या मागे लागू नये. हार्वर्डमधील अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात गाण्यापूर्वी ‘मी उत्सुक आहे’ असे म्हणणाऱ्यांचे सूर ‘मला धास्ती वाटते’ असे म्हणणाऱ्यांपेक्षा अधिक अचूक लागले होते.

गोळीचा मोह समजण्यासारखा आहे. प्रोप्रॅनोलॉल हे मूळचे हृदयविकार आणि रक्तदाबावरचे औषध. ते अ‍ॅड्रेनॅलिनचा शरीरावरचा परिणाम रोखते, त्यामुळे धडधड आणि कंप कमी होतो. १९८७ साली अमेरिकेतील ऑर्केस्ट्रा-वादकांच्या पाहणीत २७ टक्के वादकांनी अशा प्रकारची औषधे वापरल्याचे सांगितले होते. व्हायोलिन किंवा सतार वाजवणाऱ्याला स्थिर हाताचा लाभ अधिक. गायकाच्या मनातली काळजी मात्र या गोळीने फारशी हटत नाही. दम्याच्या रुग्णाची श्वासनलिका तिने आकुंचन पावू शकते, म्हणून दमेकऱ्याने ती टाळावीच. मधुमेहात साखर उतरल्याची धडधडीसारखी लक्षणे ती झाकते. दुसऱ्या कलाकाराने दिलेली गोळी विंगेत उभे राहून कधीही घेऊ नये. डॉक्टरांनी लिहून दिलीच, तर पहिला डोस कार्यक्रमाच्या दिवशी न घेता आधी एखाद्या तालमीच्या दिवशी, त्यांना विचारून घ्यावा.

समुपदेशन हा शेवटचा पर्याय समजला जातो, हे मला पटत नाही. कार्यक्रमाच्या कितीतरी दिवस आधीपासून झोप उडत असेल, आलेली आमंत्रणे नाकारली जात असतील किंवा गाणेच सोडावेसे वाटत असेल, तर बाकीचे तीनही उपाय अपुरे पडतात आणि समुपदेशकाकडे आधी जावे. त्यासाठी मुंबई-पुणे गाठण्याची गरज नाही. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र आणि मराठीतही विनाशुल्क बोलता येते.