जुना ट्यूब अँप घ्यायचाय: चँप, म्युझिकमास्टर, सिल्व्हरटोन की ट्रेनर?

अमेरिकेत किंवा कॅनडात राहताय, गिटार वाजवताय आणि साठ-सत्तरच्या दशकातला एखादा ट्यूब अँप (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा अँप्लिफायर) परवडेल अशा भावात मिळाला तर घ्यावा असं मनात आहे? मग ही चार नावं पुन्हा पुन्हा समोर येतील: फेंडरचा चँप, फेंडरचाच म्युझिकमास्टर बेस, सीअर्स या दुकानांच्या साखळीने विकलेला सिल्व्हरटोन आणि टोरांटोचा ट्रेनर. माझं मत आधीच सांगतो. घरात एकट्याने वाजवायचं असेल तर म्युझिकमास्टर, ड्रमरसोबत वाजवायचं असेल तर ट्रेनर. चँप सगळ्यांत गोड आहे, पण त्याच्या नावाचेही पैसे मोजावे लागतात. सिल्व्हरटोन घ्यावा तो ज्याला स्वतः सोल्डरिंग येतं त्यानेच.

चँपपासून सुरुवात करू, कारण बाकीच्यांचं मोजमाप त्याच्यावरूनच होतं. १९६५मध्ये सीबीएस या प्रसारण कंपनीने फेंडर विकत घेतली आणि १९६८पासून अँपची समोरची काळी पट्टी जाऊन चंदेरी आली. या चंदेरी पट्टीमुळे चँप काळ्या पट्टीवाल्यापेक्षा स्वस्त मिळतो. आतलं सर्किट मात्र बरंचसं तेच, हाताने जोडलेलं. एक १२एएक्स७ ट्यूब (सिग्नल वाढवणारी), एक ६व्ही६ (स्पीकर चालवणारी आउटपुट ट्यूब), एक रेक्टिफायर ट्यूब (एसीचं डीसी करणारी), आठ इंची स्पीकर आणि पाच-सहा वॉट. पुढे तीन नॉब: व्हॉल्यूम, ट्रेबल, बेस. व्हॉल्यूम निम्म्याच्या खाली ठेवला तर आवाज घंटेसारखा स्वच्छ. त्याच्या पुढे गेलं की सूर दाटायला लागतो आणि बोटांचा जोर कमी-जास्त केला तेवढ्यावर आवाज फाटतो किंवा निवळतो. लोक जुन्या ट्यूब अँपच्या मागे लागतात ते याच्यासाठी.

अडचण आठ इंची स्पीकरची. खालचे स्वर त्याला पेलत नाहीत, डब्यातून आल्यासारखे वाटतात. पण स्पीकरची वायर मागे साध्या आरसीए प्लगने जोडलेली असते. ती काढून चार ओहमचा बारा इंची कॅबिनेट लावून बघा, हा तोच अँप आहे यावर विश्वास बसणार नाही. फक्त स्पीकर न जोडता ट्यूब अँप कधीही चालू करू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. ट्रेमोलो (आवाज लाटेसारखा कमी-जास्त होणं) हवा असेल तर व्हायब्रो चँप आहे, पण तो आणखी महाग.

आता म्युझिकमास्टर बेस. याच्या नावातच घोळ आहे. ‘बेस’ लिहिलंय म्हणून गिटारवाले बघत नाहीत, आणि बारा वॉटमध्ये बेस गिटारचं काही होत नाही म्हणून बेसवालेही सोडून देतात. भांडणात तुमचा फायदा. सत्तरच्या दशकातला हा अँप, बारा इंची स्पीकर, दोन आउटपुट ट्यूब. नॉब दोनच, व्हॉल्यूम आणि टोन. ज्यांना नॉब फिरवत बसायला आवडतं त्यांना कंटाळा येईल, मला नाही येत. दोन ट्यूब आलटून-पालटून काम करतात, त्यामुळे चँपसारख्या एकट्या ट्यूबच्या अँपमध्ये जी थोडी घूं कायम असते ती इथे बरीच कमी. हळू आवाजातही बारा इंची स्पीकर भरदार वाजतो, आणि लाकडी भिंतींच्या अपार्टमेंटमध्ये तुम्ही बहुतेक वेळ हळूच वाजवणार आहात. पाच वॉटचा चँप पूर्ण उघडला तरी शेजारी दार ठोठावेल, हे आधीच लक्षात घ्या. घेताना मागून डोकावून ट्यूब बघा: सुरुवातीच्या काहींत ६एक्यू५ आहेत, नंतरच्यांत ६व्ही६. ६व्ही६ आजही नव्या बनतात, म्हणून दुसरा घेतलेला बरा.

सिल्व्हरटोन मात्र न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपास राहणाऱ्यांना घरचाच वाटावा. डॅनइलेक्ट्रो कंपनीने तो तिथल्याच नेपच्यून गावात बनवला आणि सीअर्सने कॅटलॉगमधून विकला. मॉडेल १४८२ म्हणजे बारा इंची स्पीकर, दोन ६व्ही६ आणि ट्रेमोलो. मॉडेल १४८४ म्हणजे ‘ट्विन ट्वेल्व्ह’: दोन बारा इंची स्पीकर, दोन ६एल६, आणि अँपचा डोक्याचा भाग कॅबिनेटच्या खालच्या कप्प्यात सरकवून ठेवायची सोय, ही कल्पना फार हुशारीची. आवाज राकट, थोडा धुळकट, रॉक वाजवणाऱ्यांना वेड लावणारा. १४८४चा रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारा) मात्र पत्र्याच्या डब्यासारखा. त्याच्यासाठी एक डॉलरही जास्त देऊ नका. कॅबिनेट भुश्याच्या दाबलेल्या फळ्यांचं असतं, आणि बेसमेंटमध्ये वर्षानुवर्षं पडलेल्या अँपचे खालचे कोपरे ओल लागून फुगलेले असतात. अंगठ्याने दाबून बघा, मऊ लागलं तर पुढे निघा. आतलं जोडकाम गुंत्याचं आहे. दुरुस्तीवाला तासावर पैसे घेतो, त्यामुळे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला व्हायला वेळ लागत नाही.

ट्रेनरबद्दल अशी तक्रार मला करता येत नाही. पीट ट्रेनर यांनी १९६३च्या सुमारास टोरांटोत सुरू केलेले हे अँप रोज गाडीत टाकून नेण्यासाठीच बनवलेले. गिटारसाठी वायजीएम-३ ‘गिटार मेट’ बघा: दोन ईएल८४, बारा इंची स्पीकर, रिव्हर्ब, ट्रेमोलो. यादीतला हाच एक अँप असा की बँडमध्ये ऐकू येईल आणि तरी एकट्याने उचलता येईल. कॅनडात तो सहज सापडतो; अमेरिकेत नाव कमी माहीत असल्याने गुणाच्या मानाने भाव कमीच लागतो.

गिब्सनने साठच्या दशकात काढलेले कालामाझू मॉडेल वन आणि टू चौघांपेक्षाही स्वस्तात मिळतात. दहा इंची स्पीकर असल्याने चँपपेक्षा थोडे भरदार. बजेट अगदीच तंग असेल तर वाईट नाहीत.

घ्यायला जाल तेव्हा अँपच्या चेहऱ्यापेक्षा पाठीकडे लक्ष द्या. दोन पिनांची वायर दिसली तर अर्थिंग नाही. अशा अँपमध्ये मेन लाइनमधून पत्र्याच्या चासिसला जोडलेला एक कपॅसिटर असतो. तो शॉर्ट झाला तर पत्र्यात, आणि पत्र्यातून गिटारच्या तारांत करंट उतरतो. तीन पिनांची वायर लावून तो कपॅसिटर काढणं हे पहिलं काम, आणि त्याचा खर्च भावातून वजा करा. मग ट्यूबवरचे आकडे वाचा. पहिला आकडा साधारणपणे हीटरच्या (ट्यूबमधल्या तापणाऱ्या तारेच्या) व्होल्टेजचा असतो. ३५डब्ल्यू४ किंवा ५०सी५ दिसली तर बहुधा पॉवर ट्रान्सफॉर्मरच नाही, अँप थेट भिंतीच्या करंटवर चालतो. तो कितीही गोंडस असला, कितीही स्वस्त असला, तरी घेऊ नका.

ट्रान्सफॉर्मर मूळचे आहेत का, हे त्यांच्यावर छापलेल्या आकड्यांवरून कळतं. ६०६ म्हणजे शूमाकर, फेंडरचा नेहमीचा पुरवठादार. ६०६-८३५ असं असेल तर ८ म्हणजे १९६८ आणि ३५ म्हणजे त्या वर्षीचा पस्तिसावा आठवडा. दशकाचा अंदाज मात्र अँप बघून आपण करायचा. स्पीकरवर २२० असेल तर जेन्सन, ४६५ असेल तर ऑक्सफर्ड.

चालू करून व्हॉल्यूम शून्यावर ठेवा. तरीही मोठी घूं येत असेल तर फिल्टर कपॅसिटर संपलेत. पन्नास वर्षांच्या अँपमध्ये ते बदलावे लागणारच, त्यासाठी सौदा मोडू नका, भाव पाडा. मग पेन्सिलीने ट्यूबवर हलकेच टिचकी मारा; स्पीकरमधून घणघण आली तर ट्यूब गेली, ती स्वस्तात बदलते. नॉब फिरवताना होणारी खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरच्या दोन फवाऱ्यांनी जाते. जळका वास येणारा ट्रान्सफॉर्मर मात्र सोडून द्या. आणि हौसेने उघडून बघू नका: प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तीनशे-चारशे व्होल्ट बसून राहू शकतात.

पुण्या-मुंबईला न्यायचा विचार असेल तर चँपच बरा. आठेक किलो वजन, म्हणजे चेक-इनच्या बॅगेत बसतो. ट्यूब काढून हातातल्या सामानात घ्या. मागे ११७ व्होल्ट, ६० सायकल लिहिलं असेल तर स्टेप-डाऊन (व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर) लागणार. चँपला शंभर वॉटचा पुरतो, ट्विन ट्वेल्व्हला तीनशेचा घ्या. भारतातल्या ५० सायकलवर अँपचा ट्रान्सफॉर्मर थोडा जास्त तापतो, तेव्हा तासन्‌तास विनाकारण चालू ठेवू नका. आणि स्टेप-डाऊन घेताना त्याच्या दोन्ही टोकांना तीन पिना आहेत ना ते बघा; बाजारातल्या बऱ्याच स्वस्त डब्यांत आउटपुटला दोनच पिना असतात, आणि अमेरिकेत पैसे देऊन करून घेतलेलं अर्थिंग भारतात त्या डब्यातच तुटतं.