भीमेच्या पात्रासाठी होडी: फायबर, ॲल्युमिनियम, पत्रा की लाकूड?

दोघा-तिघांनी मिळून मासेमारीची होडी करायचं ठरवलं की पहिला प्रश्न किमतीचा निघतो. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळाच हवा: होडीच्या बुडाला काय लागणार आहे आणि फुटली तर ती दुरुस्त कोण करणार?

पुण्याकडच्या नद्यांत बुडाला लागतो तो काळा कातळ. भीमा, नीरा, इंद्रायणी, सगळ्यांची पात्रं त्याच्यावरूनच वाहतात. उजनीच्या फुगवट्यात पावसाळ्यानंतर सगळीकडे खोल पाणी दिसतं. उन्हाळ्यात साठा उणे झाला की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि त्याच्यासोबत बुडालेल्या गावांच्या भिंती, झाडांचे बुंधे, विहिरींचे कठडे. गेल्या महिन्यात जिथून आरामात वल्हवत गेलात, तिथेच या महिन्यात बूड खरवडतं.

वाहत्या पाण्यातून सोडत नेण्याच्या होडीला इंग्रजी मुलखात ड्रिफ्ट बोट म्हणतात. तिचा आकार अमेरिकेत ओरेगॉनमधल्या मॅकेन्झी नदीवर घडला. बूड सपाट, दोन्ही टोकं केळ्यासारखी वर उचललेली, बाजू बाहेर झुकलेल्या. वल्हवणारा प्रवाहाच्या दिशेला तोंड करून बसतो आणि उलटं वल्हवून होडीचा वेग रोखून धरतो, म्हणजे गळ टाकणाऱ्याला वेळ मिळतो. सपाट बूड वीतभर पाण्यातही तरतं, पण खडकावर घासतंही तेच. आपल्याकडे आणखी एक भानगड आहे, ती म्हणजे कोल्हापुरी बंधारे. भीमेवर काय नि नीरेवर काय, काही अंतर गेलं की बंधारा येतो, होडी काठावर ओढायची आणि पलीकडे उतरवायची. त्यामुळे वजन हा कागदावरचा आकडा राहत नाही, तो चौघांच्या कमरेवर येतो.

म्हणून वजनाचा हिशेब आधी करू. सोळा फुटी होडीला बूड आणि बाजू धरून साधारण ११ चौरस मीटर पृष्ठभाग लागतो. ३ मिलिमीटर ॲल्युमिनियम चौरस मीटरला ८ किलो भरतं, म्हणजे नुसतं कवच ९० किलोच्या आसपास. ६ मिलिमीटर फायबर ९ किलोच्या घरात, कवच १०० किलो. ९ मिलिमीटर प्लाय ६ किलो, कवच ६५. आणि २ मिलिमीटर लोखंडी पत्रा जवळजवळ १६ किलो, म्हणजे कवच पावणेदोनशे किलोच्या घरात. बाक, काठाच्या पट्ट्या, वल्ह्यांच्या खुंट्या वेगळ्या. पत्र्याची होडी बंधाऱ्यावरून एकदा ओढून बघा, दुसऱ्यांदा विचारावं लागणार नाही.

तरीही पत्र्याला मी नावं ठेवणार नाही. धरणात एकाच जागी राहणाऱ्या, रोज जाळं टाकणाऱ्या माणसाला ती परवडते आणि गावातला ग्रिल-गेटवाला वेल्डरही भोक बुजवून देतो. तिचा शत्रू आत साचलेलं पाणी. गंज सांध्यांत आतून धरतो आणि वरून रंग चकचकीत असतो. पत्र्याची होडी घ्याल तर टोकांना हवाबंद कप्पे आहेत का ते बघा, कारण कप्पे नसलेली होडी पाण्याने भरली की सरळ तळाला जाते.

ॲल्युमिनियमचं आकर्षण मला समजतं. पत्र्याच्या निम्म्या वजनात काम होतं, रंग नाही दिला तरी चालतं. खडकाचा घाव बसला तर ते चेपतं, फुटत नाही. बोटीसाठी ५०५२ किंवा ५०८३ दर्जाचा पत्रा मागा. दुरुस्तीचं मात्र नीट समजून घ्या. धातू ६६० अंशांना वितळतो, पण त्याच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा वितळायला २००० अंशांच्या वर उष्णता लागते. म्हणून गेटवाल्याकडचं साधं वेल्डिंग इथे कामाचं नाही, आर्गॉन वायूवरचं टिग किंवा मिग प्रकारचं वेल्डिंग लागतं. भोसरीच्या एमआयडीसीत ते करणारे हात सापडतात, भीमेच्या काठावर सापडतीलच असं नाही. आणखी एक गोष्ट प्रत्यक्ष वापरल्याशिवाय कळत नाही: ॲल्युमिनियम खडकावर घसरत नाही, चिकटतं. मऊ धातू कातळात रुततो, होडी अडते आणि मागून पाणी रेटा देतं. बुडाला जाड प्लॅस्टिकची घसरपट्टी लावली की हा त्रास कमी होतो, पण तो खर्च आधीच धरा. एप्रिल-मेच्या उन्हात तळावर अनवाणी पाय टेकवत नाही आणि वल्हं पडलं तर त्याचा आवाज मासा पहिला ऐकतो. रबरी चटई टाकली की दोन्ही आटोक्यात येतं.

लाकडावर माझं प्रेम आहे. पाण्यावर शांत, उन्हात थंड, हाताला आपली वाटणारी दुसरी होडी नाही. सागाच्या फळ्यांची होडी उन्हाळ्यात काठावर कोरडी पडली की फळ्या आकसतात. पुन्हा पाण्यात घातली की एक-दोन दिवस गळते, मग लाकूड फुगून सांधे बसतात. तेवढा धीर असेल तर जरूर करा. नवी करायची तर आयएस ७१० या भारतीय मानकाचा, पाण्यात टिकणारा मरीन प्लाय घ्या, टिंबर मार्केटमध्ये मिळतो, आणि प्रत्येक कापलेली कड इपॉक्सीने बंद करा, कारण प्लाय पाणी पितो तो कडेतून. दर वर्षी घासून रंग द्यायला तुमच्याकडे दोन रविवार नसतील तर लाकडाच्या वाटेला जाऊ नका.

साच्यातून काढलेल्या प्लॅस्टिकच्या होड्याही आता दिसतात. दगडाला त्या दाद देत नाहीत आणि मूळ प्लॅस्टिकच पाण्यावर तरंगतं. पण त्याला साधा गोंद धरत नाही, आणि उन्हात दोन ठोकळ्यांवर ठेवली की बूड पोक काढतं. एकट्याच्या छोट्या होडीला ठीक.

आता फायबर, ज्याच्या बाजूने माझा कौल आहे. गुळगुळीत बूड कातळावरून सरकत जातं. फुटलंच तर मॅट (काचतंतूंचं कापड), रेझिन (त्यात मुरवायचा चिकट द्रव), हार्डनर (रेझिन कडक करणारं रसायन) आणि कोरडा दिवस एवढ्यावर काम भागतं, तेही आपलं आपल्याला. भेगेभोवती वीतभर घासून उतार करायचा, पूर्ण वाळू द्यायचं आणि थर चढवायचे. हार्डनर शेकडा एक ते दोन. मेमध्ये मगातलं रेझिन बघता बघता गरम होऊन घट्ट होतं, म्हणून थोडं थोडं कालवा. पावसाळी दमट हवेत हे काम काढूच नका.

फसवणूकही फायबरमध्येच सगळ्यात सोपी, कारण जाडी दिसत नाही. चौरस मीटरला ४५० ग्रॅमच्या मॅटचा एक थर साधारण १ मिलिमीटर होतो. बुडाला सहा थर सांगितले असतील तर तिथे ६ मिलिमीटर भरायला हवेत. पाणी काढायच्या बुचासाठी कारागीर बुडाला भोक पाडतो, तेव्हा निघालेली चकती मागून घ्या आणि तिच्या कडेला मोजपट्टी लावा. चकतीत थर मोजता येतात.

जुनी होडी घेताना एक रुपयाचं नाणं बरोबर ठेवा. मी एकदा ते केलं नाही. रंग सुरेख, जेलकोटला, म्हणजे फायबरच्या वरच्या चकचकीत थराला, चरा नाही, भाव बरा. घरी आणून मोटर बसवायच्या फळीवर नाणं वाजवलं तर बाजूला ‘टण’ आणि मधोमध ‘धप’. स्क्रूड्रायव्हर टोचला तो मुठीपर्यंत आत गेला आणि बाहेर आला काळा, चिखलासारखा प्लाय. जुन्या बोल्टच्या भोकांतून कित्येक पावसाळे पाणी मुरलं होतं. अख्खी फळी कापून नवी बसवावी लागली.

कुठलीही होडी करा, तरंगण्याची सोय तिच्या अंगातच हवी. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगाव ते कळाशी वाटेवर उजनीत वादळी वाऱ्याने बोट उलटली आणि सहा जीव गेले. वळवाच्या वाऱ्यापुढे पत्रा, फायबर काही चालत नाही. काठाची उंची, बेताचं ओझं आणि अंगावर घातलेली जॅकेटं, एवढंच हातात असतं. फायबरच्या होडीत बाकांखाली थर्माकोल भरून पॉलिस्टर रेझिनने बंद करणारे कारागीर आहेत. रेझिनमधलं स्टायरीन थर्माकोलला विरघळवतं आणि आत पोकळी उरते. त्याऐवजी पीयू (पॉलियुरेथेन) फोम भरून घ्या.

शेवटचा हप्ता देण्याआधी होडी कमरेएवढ्या पाण्यात न्या, बादल्यांनी काठोकाठ भरा आणि दोघांनी एका बाजूला भार द्या. काठ पाण्याबाहेर राहिला तरच पैसे मोजा.